उसनं पाणी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. आमच्या घरात म्हणायचे, विशाखाच्या नाकावर राग आणि हातात पाना. दोन्ही बापाकडून आलंय. बाप नांदेडात वीज मंडळात लाइनमन होता. खांबावरून उतरताना शिव्या घालत उतरायचा आणि घरी आल्यावर मला शेजारी बसवून बिघडलेला रेडिओ उघडायचा. सोनकांबळ्यांच्या पोरीनं डॉक्टर व्हावं, असं आईला लई वाटायचं. पण मला माणसापेक्षा त्याला लावलेल्या मशीनचं कौतुक जास्त, म्हणून बायोमेडिकल इंजिनियर झाले. गल्लीत याचा अर्थ कुणाला कळला नाही. शेजारीण म्हणाली, "म्हंजी अर्धी डॉक्टरीण का गं?" म्हटलं, "हाव. पेशंट सोडून बाकी सगळं मीच बघते."

पहिली दोन-तीन वर्षं काय काय केलं ते आईला अजून पुरतं माहीत नाही. वजिराबादच्या एका डीलरकडे ईसीजी आणि एक्स-रेची मशीनं बसवत फिरले. किनवटला नवजात बाळांना उबेत ठेवायचं मशीन बंद पडलं म्हणून रेल्वेनं गेले, तर आत झुरळांनी संसार थाटलेला. अर्धापूरच्या एका केळीवाल्यानं बोलावलं आणि मी त्याच्या केळी पिकवायच्या खोलीचं तापमान ताळ्यावर आणून दिलं. डीलर म्हणाला, हे आपलं काम नाही. म्हटलं, बाळ काय आणि केळं काय, ऊब दोघांची सारखीच मोजावी लागते. त्याला पटलं नाही, मला त्याचं तोंड पटलं नाही, नोकरी सुटली. मधे घरी बसून लोकांची कानाची मशीनं दुरुस्त करायचा छंद लागला. गल्लीतल्या म्हाताऱ्यांना ऐकू यायला लागलं आणि त्यांच्या सुना माझ्याशी बोलेनाशा झाल्या.

अशी फिरत फिरत उदगीरला आले, ते साल दोन हजार सोळा. एका ट्रस्टच्या दवाखान्यात डायलिसिसचं छोटं केंद्र नवीनच निघालं होतं, त्याची मशीनं सांभाळायची. ज्यांच्या किडन्या गेल्या त्यांचं रक्त मशीनमधून फिरवून धुवायचं, आठवड्यातून दोनदा. आणि धुवायचं म्हटलं की पाणी आलंच. एका माणसाच्या एका पाळीला पिंपच्या पिंप पाणी लागतं. तेही साधं चालत नाही. आधी कोळशाच्या टाकीतून गाळायचं, मग फिल्टरच्या बारीक पडद्यातून दाबून काढायचं. जेवढं पाणी शुद्ध होऊन मशीनला मिळतं, जवळजवळ तेवढंच खारं होऊन मागच्या पाइपातून बाहेर पडतं.

त्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येऊन राहिलं होतं. उदगीरला टँकर. आणि पाणी नाही तिथं मोर्चे तरी असावेत म्हणून की काय, 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे' म्हणून रोज कुठं ना कुठं घोषणा. जिल्हा झाला की मोठा सरकारी दवाखाना येईल, असं आमचे पेशंटसुद्धा म्हणायचे. मी म्हणायची, आधी टँकर येऊ द्या.

त्या पेशंटांत एक गौरम्मा होती. साठीची, कर्नाटकाच्या हद्दीला लागून असलेल्या बोरहळ्ळीची, गळ्यात लिंग, बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. सगळे तिला अव्वा म्हणायचे. तिच्याच दिवशी दुपारच्या पाळीला वाजिद यायचा. तिशीचा पोरगा, गाद्या भरणारा. त्याच्या आजापासून उदगीरच्या बाजारात यांचं गाद्यांचं दुकान. हे दोघं एकमेकांशी सारखे भांडायचे. वाजिद तहान मारायला बर्फाचा खडा चघळत यायचा आणि अव्वा ओरडायची, "मुडद्या, त्ये बी पानीच हाय की रे!" डायलिसिसच्या माणसाला दिवसाला अर्धा-एक तांब्याच पाणी प्यायची मुभा असते, लघवी होत नाही म्हणून. जास्त पिलं की पाणी अंगात साठतं, छातीत चढतं.

एका पाळीला अव्वा आलीच नाही. फोन केला. तिची सून उमाबाई म्हणाली, "सासू येत न्हाई म्हनती."

"न्हाई म्हनती म्हणजे? तब्येत कशी आहे?"

"पाय सुजलेत. पन येत न्हाई म्हनती, बाई. तुमीच समजवा."

आता पेशंट आणणं काही इंजिनियरचं काम नाही. पण सिस्टरांना जायला वेळ नव्हता आणि माझ्यानं बसवेना. स्कूटी काढली आणि बोरहळ्ळी गाठली. अव्वा लिंबाखाली बाजेवर बसलेली, पावलं टम्म फुगलेली. समोर रस्त्यावर घागरींची ओळ लागलेली, टँकर यायचा होता. प्रत्येक घराची घागर आपापल्या जागी, आणि माणसं सावलीला.

"का आला नाहीत?" मी गाडीवरूनच विचारलं.

"बस की आधी."

"बसायला नाही आले मी."

ती हसली. मग म्हणाली, "मागल्या खेपंला हात धुवाया मागं गेले व्हते. तिथं तुमचा पाइप बघितला. गटारीत धो धो पानी चाललंय. मी म्हनलं, ह्ये कशाचं? तर तुमचा वॉचमन म्हनला, तुमी आत झोपलात की ह्ये असंच वाहतंय."

"ते खारं पाणी आहे, अव्वा. आम्ही संडासाला वापरतो, फरशीला वापरतो. उरलं तर जातं."

"जातंय न्हवं? ती बघ." तिनं ओळीकडं हात केला. एक आठ-नऊ वर्षांची पोरगी घागरीजवळ उन्हात उभी होती, तिची नात. "सकाळपासनं जागा धरून हाय. शाळा न्हाई, काई न्हाई. त्येवढ्या पान्यावर आमी तीन दिवस काढतो. आन् माझं एकलीचं रगात धुवाया माझ्या घराचं महिन्याचं पानी. मी पिते किती? अर्धा तांब्या. आन् सांडते किती? बेडा, बाई. नको मला. असलं जगनं बेडा."

"तुम्ही नाही आलात म्हणून ते पाणी इथं येणार आहे का?"

"न्हाई येनार. पन माझ्या नावानं सांडनार तरी न्हाई."

मी समजावलं. पोटॅशियम वाढेल म्हटलं, हृदय थांबेल म्हटलं, दोन पाळ्या चुकल्या की छातीत पाणी भरेल म्हटलं. ती लहान पोरीचं ऐकावं तसं मान हलवत ऐकत होती. शेवटी माझं टाळकं सरकलं. "मग मरा!" म्हटलं.

"त्येच म्हनून ऱ्हायले की मी," ती शांतपणे म्हणाली.

तेवढ्यात टँकर आला आणि बायका धावल्या. मी गाडीला किक मारली तर उमाबाई मागून पळत आली. तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "कायतरी तोड काढा, बाई. त्यांचं एकच म्हननं हाय, माझ्या वाट्याचं पानी माझ्यासंगं आलं तर येते. आता त्ये कुटनं आनू?"

आले परत. वाटभर त्या म्हातारीचा राग आला आणि रागापेक्षा रडू जास्त आलं, कारण तिचं म्हणणं मला खोडून काढता आलं नव्हतं.

पुढच्या पाळीच्या दिवशी उदगीर बंद. जिल्ह्यासाठी रास्ता रोको, चारी नाके अडवलेले. आमचा टँकर लातूर रोडच्या नाक्यापलीकडं अडकला. मी नाक्यावर जाऊन पोरांशी भांडले. "दवाखान्याचा टँकर आहे," म्हटलं. एक पुढारी म्हणाला, "ताई, जिल्हा झाला की सरकारी डायलिसिस येतंय, फुकट." म्हटलं, "तोवर ही माणसं जिवंत राहिली पाहिजेत की!" तो ओशाळला, म्हणाला, घेऊन जा. पण टँकरला कुलूप आणि ड्रायव्हर दगडफेकीच्या भीतीनं कुठल्या तरी गावात पसार झालेला. आता बोला!

दवाखान्याच्या टाकीत कालचं तपासलेलं पाणी होतं, एका माणसापुरतं. त्या दिवशी पाळी या दोघांचीच. सकाळच्या पाळीला अव्वा येणार नव्हती, म्हणजे ते दुपारी वाजिदचं. असा हिशोब मनात करत मी परत आले, तर फाटकात एक टेंपो उभा. शेतातल्या वाटेनं आला होता. त्यात दोन निळे ड्रम, बोरहळ्ळीच्या पाच-सहा बायका, आणि त्यांच्यामधे उमाबाईच्या खांद्यावर मान टाकून बसलेली अव्वा. श्वास असा चाललेला की दुरून ऐकू यावा.

नागुबाई म्हणून एक काटक म्हातारी खाली उतरली. म्हणाली, "घ्या हिचं पानी. घरटी एक घागर घातलीय. गौरम्मा म्हनली पानी संगं आलं तर येते, तर आनलं. आता काय बोलती ती बघू."

तीन दिवस पुरवायच्या पाण्यातून घरटी एक घागर. आणि ती घागर कुणाच्या हातात देऊन राहिल्या होत्या? माझ्या आजीनं अशाच एका गावात विहिरीच्या पायरीवर पाऊल ठेवलं नव्हतं. कुणी वरून ओतेल तेव्हा ओंजळ धरायची, नाही ओतलं तर तशीच घरी. सोनकांबळ्यांच्या नातीपुढं गाव आपलं पाणी आणून ठेवत होतं. मी ड्रमवर हात ठेवला.

पण पाणी तपासल्याशिवाय टाकीत सोडायचं नाही, हा माझा नियम. बाटलीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाणी हळदीसारखं पिवळं झालं.

"यात काय टाकलंय?"

"टीसीएल," नागुबाई अभिमानानं म्हणाली. "आशाताईनं घरोघर दिलीया न्हवं पावडर, पानी साफ कराया. दवाखान्याचं काम म्हनून समद्यांनी आपापल्या घागरीत चिमटी चिमटी टाकली. आन् मी ड्रमात वरनं मूठ टाकली. उगी कमी-जास्त नको."

मी कपाळाला हात लावला. टीसीएल म्हणजे क्लोरीनची पावडर. पिण्याच्या पाण्यात बरोबर मापानं टाकली तर चांगलीच. तोंडातून गेलं की पोट ते सोसतं. पण मशीनमधे पाणी आणि रक्त यांच्यामधे पोट नसतं, नुसता एक पातळ पडदा असतो. क्लोरीन पलीकडं गेलं की रक्तातल्या लाल पेशी फुटतात, माणूस मशीनवरच जातो. एरवी आमची कोळशाची टाकी क्लोरीन धरून ठेवते, पण उन्हाळाभर टँकरचं पाणी गाळून तो कोळसा थकला होता आणि नवा वाटेत अडकला होता. थोडं असतं तर त्यानं ओढलं असतं. एवढं नाही.

"हे पाणी लावता येणार नाही," मी म्हटलं.

मग उमाबाई बोलली, आणि ती रागानं नाही, दुखावून बोलली. "आमचं पानी तुमाला चालत न्हाई म्हना की."

मला ते असं लागलं! मी ताडकन म्हटलं, "पाणी चालत नाही असं आमच्या सात पिढ्यांना ऐकवलंय लोकांनी. मी कुणाला म्हणेन का ते? हे पाणी हिच्या रक्तात गेलं तर ही माझ्यासमोर मरेल, तुमच्या हातच्या पाण्यानं. सांगा, लावू?"

नागुबाईनं तोंडाला पदर लावला. "मी मूठ टाकली गं, माझे आई," ती पुटपुटली आणि मटकन खालीच बसली.

अव्वानं सगळं ऐकलं होतं. श्वास घेत घेत म्हणाली, "चला मग. माघारी चला. पानी झाडाला तरी घाला."

"अव्वा, टाकीत पाणी आहे. तपासलेलं. ते घ्या."

"कुनाचं हाय?"

खोटं बोलता आलं असतं. दवाखान्याचं म्हटलं असतं तर ते खोटंही नव्हतं. पण वाजिद तिथंच उभा होता. बंद म्हणून लवकर निघून चालत आलेला, शेजारी त्याची बायको बानो. मी त्याच्याकडं बघितलं, आणि त्याला कळलं.

"मौसी, मेरा है," तो म्हणाला. "तुम्ही घ्या. मी उद्या करतो."

"लातूरला न्या की दोघांतल्या एकाला," बानो मला म्हणाली. मी आधीच फोन केला होता. ॲम्ब्युलन्स नाक्यावरून सोडली असती, पण तिकडंही पाण्यापायी पाळ्या कमी केलेल्या, उद्या संध्याकाळपर्यंत जागा नाही. बानोचा चेहरा पडला. "आन् उद्या टँकर नाही आला तर?"

"फुकट घेत न्हाई मी," अव्वा म्हणाली. "कुनाच्या तोंडचं तर न्हाईच न्हाई."

तेव्हा वाजिद तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. त्याची थट्टा करायची सवय, पण तेव्हा थट्टा नव्हती. म्हणाला, "फुकट कोण देतंय, मौसी? उसनं घ्या. घरात पीठ सरलं की शेजारून वाटीभर आणता का नाही? तसं. हे तुमचं ड्रमातलं पाणी बाई उद्यापर्यंत साफ करतील. ते माझ्या पाळीला लावा. फिटलं."

"व्हतंय का साफ?" अव्वानं मला विचारलं.

होतं. क्लोरीन उन्हाला आणि वाऱ्याला टिकत नाही. पसरट भांड्यात उन्हात ठेवलं, वर-खाली ओतत राहिलं, की उडून जातं. थोडं राहिलं तर ते आमचा थकलेला कोळसा ओढेल. "होतंय," मी म्हटलं, "पण पूर्ण उतरलं का नाही ते उद्या सकाळी तपासल्यावरच सांगेन. नाही उतरलं तर नाही लावणार." हे मी बानोकडं बघून म्हटलं. तिनं नवऱ्याकडं बघितलं, मान फिरवली आणि डोळे पुसले. पण नको म्हणाली नाही.

अव्वानं वाजिदच्या तोंडाकडं बघितलं. "उसनं म्हनत असशील तर घेते," म्हणाली. डॉक्टरांनी फोनवर वाजिदची तपासणी विचारून घेतली, एक दिवस थांबेल म्हणाले, त्याहून एक तास जास्त नाही. सिस्टरांनी अव्वाला आत घेतलं.

इकडं दवाखान्याच्या अंगणात आम्ही जेवढी सापडतील तेवढी घमेली, पराती, टोपं मांडली. लग्नाच्या हॉलमधून वॉचमन मोठ्या कढया घेऊन आला. बोरहळ्ळीच्या बायकांनी पदर खोचले. एका भांड्यातून दुसऱ्यात, हात उंच धरून, धार पातळ ठेवून ओतायचं, आणि थेंब सांडू द्यायचा नाही. मेच्या उन्हात नागुबाई सगळ्यांत जास्त वेळ उभी राहिली. मी म्हटलं, "आजी, बसा आता." तर म्हणाली, "मूठ मी टाकली, मीच काढनार." उन्हानं पाणी कमी होत होतं ते सगळ्यांना दिसत होतं. बानो कडेला बसली होती. थोड्या वेळानं तीही उठली आणि उमाबाईच्या समोर उभी राहून परात धरायला लागली.

पाळी संपवून अव्वा बाहेर आली तेव्हा तिचा श्वास लागत नव्हता. तिनं अंगणाकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच मला तिच्या डोळ्यांत पाणी दिसलं. घरी जा म्हटलं तर ऐकेना. "माझं उसनं फिटल्याबिगर मी हलत न्हाई," म्हणाली, आणि उमाबाईला तिथंच सतरंजी टाकायला लावली. संध्याकाळी आम्ही पाणी झाकून ठेवलं. बाकीच्या बायका टेंपोनं परत गेल्या.

सकाळी आले तर अव्वा उमाबाईशी बोलून राहिली होती. मी ऐकायला नको होतं, पण ऐकलं. "आज पोराचं फिटलं की मी मोकळी. मग मला हितं आनू नगंस. गावच्या बायांला पुन्ना घागरी घालाया लावू नगंस. झालं एकदा." उमाबाई खालमानेनं सतरंजीची घडी घालत होती.

मी पाणी तपासलं. थेंब टाकले आणि बाटली उजेडाला धरली. किंचित पिवळसर, जवळजवळ नाहीच. कोळशातून गाळून काढलेलं पुन्हा तपासलं. स्वच्छ. तिसऱ्यांदा तपासलं, कारण बानो बघत होती. तिसऱ्यांदाही स्वच्छ.

वाजिदला मशीनवर घेतलं. अव्वा त्याच्या उशाशी स्टुलावर बसली आणि नळ्यांतून फिरणाऱ्या रक्ताकडं टक लावून राहिली. मी मीटरसमोर उभी, एक डोळा मशीनवर, एक वाजिदच्या चेहऱ्यावर. छातीत दुखतंय का, पाठ भरून येते का, दर थोड्या वेळानं विचारत होते. तो म्हणाला, "बाई, तुम्ही असं बघू नका, मला भीती वाटते." पाळी निम्म्याच्या पुढं गेली आणि टाकीतलं पाणी संपत आलं. बोरहळ्ळीचं पाणी जड, खारं. फिल्टर त्यातलं निम्म्याहून जास्त मागं टाकत होता, शिवाय बरंच उन्हानं खाल्लेलं. तोवर नाके उघडले होते आणि आमचा टँकर येऊन लागला होता. त्याचं पाणी तपासून टाकीत घेतलं आणि पाळी पुरी केली.

वाजिद उठून बसला. धडधाकट होता. बानोनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सगळ्यांसमोर हुंदका देऊन रडली.

अव्वा स्टुलावरून उठली. पदर सारखा केला, माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"फिटलं न्हवं, बाई?"

हो म्हणायचं होतं मला. तिनं गावाचं पाणी आणलं होतं, बायकांनी ते उन्हात साफ केलं होतं, तिनं रात्र अंगणात काढली होती. हो म्हटलं असतं तर ती ताठ मानेनं घरी गेली असती, आणि लिंबाखाली बाजेवर बसून पंधरा दिवसांत गेली असती. तिच्यामागं उमाबाई उभी होती, ओठ घट्ट मिटून.

"नाही फिटलं, अव्वा," मी म्हटलं.

"काय?"

"तुमचं पाणी पुरलं नाही. निम्म्याच्या जरा वर झालं. बाकीचं टँकरचं लावलं. खोटं वाटत असेल तर सिस्टरांना विचारा."

तिनं सिस्टरांकडं बघितलं. सिस्टरांनी मान हलवली. मग वाजिदकडं बघितलं. तो पलंगावरून म्हणाला, "मौसी, मैं छोडनेवाला नहीं. माझं राहिलेलं मी वसूल करणार. पुढच्या पाळीला आला नाहीत तर बोरहळ्ळीला येऊन दारात बसेन."

"एकदम घागर घालाया गावाला सांगू न्हाई शकत मी," अव्वा म्हणाली. तिचा आवाज चिरकला होता. "रोज तांब्या-तांब्यानं साठवावं लागंल. लई दिस लागतील."

"लागू द्या," वाजिद म्हणाला. "मी कुठं चाललोय?"

तिनं मान खाली घातली. आधी मला वाटलं चिडली. मग तिचे खांदे हलले, आणि ती हसतीये की रडतीये ते मला कळेना. दोन्ही असावं.

"शिवा, शिवा," ती म्हणाली. "उसनं फेडायचं तर जगावंच लागतंय म्हन की."

मग मागं वळून तिनं उमाबाईला रिकामे ड्रम उचलायला सांगितलं.